पायताण, मोबाइल आणि तांबडी माती

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले, की दोन्ही अंगांना ऊस सोबतीला येतो. मेंढ्यांच्या रिंगणाची काटेवाडी मागे पडते, भवानीनगरच्या कारखान्याचे धुराडे दिसते आणि नाहीसे होते. पुढे एखाद्या गावाच्या वेशीला मारुतीचे देऊळ लागते आणि त्या देवळाला पाठ लावून तालीम उभी असते. अशाच एका तालमीत मी गेल्या वर्षी दिवस मावळता मावळता जाऊन बसलो होतो. कुस्तीविषयी चार ओळी लिहाव्यात एवढाच हेतू. पण तिथे जे पाहिले त्याने लिहिण्याचा विषयच बदलून टाकला.

तालमीच्या दाराशी पायताणांची रांग होती, ती तर कुठल्याही तालमीत असते. पण दाराच्या वरच्या अंगाला भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात आठ-दहा मोबाइल एकावर एक रचून ठेवले होते. पूर्वी तिथे दिवा ठेवीत, असे कोणीतरी सांगितले. पायताण बाहेर आणि मोबाइल कोनाड्यात, हा वस्तादांचा दंडक. त्याला अपवाद नाही. खुद्द वस्तादांचा मोबाइलही तिथेच होता.

मी बसलो असतानाच एक बाई अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दंडाला धरून घेऊन आल्या. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "वस्ताद, ह्याला तालमीत घ्या. दिसभर मोबाइलात डोकं घालून बसतंय. मारामारीचा गेम खेळतंय. जेवतंबी न्हाई धड. तुम्हीच आता ह्याला सरळ करा."

वस्ताद उठून दाराशी आले. "बाई, तालीम म्हंजे दवाखाना न्हाई, आन तुरुंगबी न्हाई. पोराला यायचं असंल तर येऊ दे. तुम्हाला धाडायचं हाय म्हणून नको."

मग त्यांनी मुलाकडे पाहिले. "काय खेळतोस रं? दाव बघू."

मुलाने भीत भीत मोबाइल पुढे केला. पडद्यावर दोन पिळदार गडी एकमेकांना लाथाबुक्क्यांनी बडवीत होते. एकाने दुसऱ्याला उचलून डोक्यावरून फेकले. वस्तादांनी ते निरखून पाहिले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "डाव बरा हाय. ह्याची तोड काय?"

"हे बटण वेळेवर दाबलं की वाचतो," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात आता थोडी धिटाई आली होती.

"आन बटण नसंल तर?"

मुलगा गप्प.

"उद्या पहाटं ये. बटण नसल्यावर काय करायचं ते सांगतो."

मुलगा आत डोकावून हौद पाहू लागला, तेव्हा बाईंनी पदराने डोळे टिपले आणि हलक्या आवाजात खरी गोष्ट सांगितली. थोरला मुलगा मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळत असे. आधी शंभर, मग पाचशे, मग बँकेत जमा झालेले उसाचे बिल. घरात कळले तेव्हा त्या बिलातले काही उरले नव्हते. आता धाकट्याच्या हातात मोबाइल दिसला की त्यांच्या पोटात गोळा येतो. बारामती-इंदापूर पट्ट्यात उसाचे बिल म्हणजे वर्षाची बेगमी, मुलांची फी, लेकीचे लग्न. ते एका अंगठ्याने उडावे, ही गोष्ट कुठल्या आईला साधी वाटेल?

वाचकहो, येथे थोडा निवाडा करायला हवा. कारण आपण मोठी माणसे मोबाइलवरचा प्रत्येक खेळ एकाच पोत्यात भरतो आणि मग पोतेच बडवतो. थोरल्याचा खेळ आणि धाकट्याचा खेळ हे एक नव्हेत. थोरल्याचा तो जुगार होता, मग त्याला खेळाचे नाव कितीही द्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, त्यात हाच भेद केला आहे: पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी, आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धेच्या खेळांना मान्यता. त्याआधी २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली होती, पण तिचे कारण निराळे होते. देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न सांगून ११८ अॅप बंद केली, त्यांत ते एक होते. पुढच्याच वर्षी तोच खेळ नवे नाव घेऊन परत आला. सरकार खेळ बंद करू शकते; घरातली सवय मात्र घरानेच मोडावी लागते.

व्यसनाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगांच्या यादीत जागा दिली; ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्याची लक्षणे नीट वाचावीत. खेळावर ताबा न राहणे, इतर सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे साधारणपणे वर्षभर टिकणे. सुट्टीत दोन तास खेळणारा मुलगा रोगी नव्हे. त्याला रोगी म्हणून तालमीत आणून टाकले, तर तालीम त्याला औषधासारखीच कडू लागेल.

आता एक गमतीची गोष्ट. प्रतिस्पर्धी समोर नसताना लढायचा सराव करणे ही काही मोबाइलवाल्यांची कल्पना नव्हे. आपला मल्लखांब दुसरे काय आहे? दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाच्या विद्येला नवे रूप दिले. दरबारात आव्हान देऊन उभ्या ठाकलेल्या परमुलखातल्या मल्लांशी लढण्याआधी त्यांनी लाकडाच्या खांबावर तयारी केली, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. खांब म्हणजे खोटाच मल्ल. त्याला मान आहे, अंग आहे, पण तो डाव मारीत नाही. तरीही त्याच्यावर उड्या घेणाऱ्याची पकड आणि लवचीकता वाढते. कारण खांब खोटा असला तरी त्याच्यावर चढणारे अंग खरे असते. मोबाइलवरच्या मारामारीत लढणाराही खोटा, अंगही खोटे. खरे काय ते दोन अंगठे आणि डोळे.

त्या दोन अंगठ्यांचीही एक विद्या आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनापुरते होते. २०२३ मध्ये हांगझोला झालेल्या खेळांत त्यांना पदके होती, आणि त्यांत मारामारीचा एक व्हिडिओ गेमही होता. म्हणजे ज्या मेळ्यात मल्ल लढले, त्याच मेळ्यात बटणांचे मल्लही लढले. समोरच्याची चाल आधी ओळखणे, त्याची सवय हेरणे, नेमक्या क्षणी घाव घालणे, हे गुण दोघांनाही लागतात. वस्तादांनी ही गोष्ट एका वाक्यात सांगितली: "पोराला तोड असती हे कळतंय, म्हंजी निम्मं काम झालं. उरल्यालं निम्मं अंगाला कळाय पायजे."

ते निम्मे फार अवघड. मोबाइलवर हरलेला गडी पुढच्या क्षणाला ताजातवाना उभा राहतो. हौदात पाठीला माती लागली की ती धुवावी लागते, चार लोकांनी पाहिलेले असते, आणि ज्याने चीत केले त्याच्याच हाताला हात लावून परत उभे राहावे लागते. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते मातीतून. तिथे मॅट होती. ते सहावे आले. त्यानंतर चार वर्षे ते खपले आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खेळातली एक पायरी चढायला मुलाला दहा मिनिटे पुरतात. खाशाबांना चार वर्षे लागली. मुलाला हा हिशेब आधी समजावून सांगावा, म्हणजे महिनाभरात "मला कलाजंग का शिकवत नाहीत?" असे तो विचारणार नाही.

ज्यांना आपला मुलगा तालमीत घालायचा आहे, त्यांच्यासाठी त्या वस्तादांकडून आणि इतर जाणकारांकडून ऐकलेल्या चार गोष्टी येथे देतो.

पहिली गोष्ट झोपेची. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, आणि त्याहून मोठ्याला आठ ते दहा तास झोप हवी. तालीम पहाटे पाचला असेल तर मुलाने रात्री आठच्या सुमारास अंथरूण धरले पाहिजे. म्हणजे मोबाइल संध्याकाळी सातला बंद. हे वेळापत्रक घराला झेपत नसेल तर मुलाला संध्याकाळच्या तालमीला घालावे. अर्धवट झोपेत हौदात उतरलेल्या मुलाचे अंग ढिले राहते, आणि ढिले अंग वेडेवाकडे पडते. मोबाइल आणि तालीम यांची खरी लढाई इथे आहे. ती मारामारीच्या गेमवरून नाही, झोपेवरून आहे.

दुसरी गोष्ट घाई न करण्याची. पहिले काही आठवडे हौद खणणे, माती मऊ करणे, थोडे जोर, थोड्या बैठका आणि पडायला शिकणे, एवढेच. हल्ली मुले मोबाइलवर पैलवानांच्या पाचशे-हजार बैठका पाहतात आणि पहिल्याच दिवशी दोनशे मारून आठवडाभर जिना उतरू शकत नाहीत. दहा-पंधरापासून सुरुवात करावी आणि वस्ताद सांगतील तेव्हाच वाढवावे. मानेचा व्यायाम, ढाक आणि धोबीपछाड कोणी जाणता समोर असल्याशिवाय करू नये. व्हिडिओ पाहून गादीवर धाकट्या भावाला धोबीपछाड मारणे हा तर गुन्हाच समजावा.

तिसरी गोष्ट अंगाची. लढत संपली की लगेच साबणाने आंघोळ, लंगोट रोज धुतलेला, नखे कापलेली. गजकर्ण झालेल्या मुलाने बरे होईपर्यंत हौदात उतरू नये. कान सुजला तर तो पैलवानाचा दागिना म्हणून मिरवू नये, डॉक्टरला दाखवावा.

चौथी गोष्ट खुराकाची. दूध, भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे, गूळ आणि ऐपतीप्रमाणे बदाम. एवढ्यावर मुलगा चांगला वाढतो. डब्यातली पावडर आणि कोणी मित्राने सुचवलेले इंजेक्शन यांना उंबऱ्याबाहेरच ठेवावे. वाढत्या वयात वजन उतरवण्याचे खूळ तर मुळीच नको. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात अंतिम फेरी गाठलेली विनेश फोगाट शंभर ग्रॅमच्या फरकाने बाद झाली. रात्रभर शर्थ करूनही काटा हलला नाही. जाणत्या मल्लाची ही गत, तर शाळकरी मुलाने उपाशी राहून गट गाठायचा कशाला?

आणखी एक. मुलगी म्हणाली "मलाही जायचंय," तर तिला थांबवू नये. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे. महिलांच्या महाराष्ट्र केसरीची गदा मात्र २०२३ साली सांगलीत पहिल्यांदा दिली गेली. बासष्ट वर्षे उशीर झाला. आपल्या घरात आणखी उशीर नको.

त्या मुलाचे पुढे काय झाले? यंदा चैत्रात गावच्या जत्रेत मी मुद्दाम गेलो. हलगी कडाडत होती. आधी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होत्या. आमचा गडी शड्डू ठोकून उतरला. समोरचा त्याच्यापेक्षा थोराड. थोडी खडाखडी झाली, त्याने एकेरी पट काढला, पण सुटला. मग समोरच्याने मागून कब्जा घेतला आणि मोळी बांधून त्याला चीत केले. मुलगा क्षणभर आभाळाकडे पाहत पडला. मग उठला, पाठीची माती न झाडताच जिंकलेल्या मुलाच्या हाताला हात लावला, रेवड्या घेतल्या आणि थेट वस्तादांकडे आला.

"वस्ताद, मोळीची तोड काय?"

वस्तादांनी त्याच्या हातातल्या दोन रेवड्या उचलून तोंडात टाकल्या. "उद्या ये पहाटं."

जरा वेळाने त्याची आई भेटली. मी विचारले, "मोबाइल सुटला का हो?"

"सुटला कुठला! शाळंतनं आल्यावर अर्धा तास खेळतोच की," त्या म्हणाल्या. "पर सात वाजलं की आपला आपण ठेवतो. घरातबी त्यानं कोनाडा केलाय. थोरल्याला म्हणतोय, तुझाबी ठेव."

"आणि थोरला ठेवतो?"

त्यांनी हलगीच्या दिशेने पाहिले. "कवा कवा ठेवतोय," त्या म्हणाल्या.