दोन इंचांची कड

अकलूजच्या कुठल्याही वसाहतीत फाटकांसमोर नजर टाका. अर्धी वीट, शहाबादी फरशीचा तुकडा, नाहीतर सेंट्रिंगची जुनी फळी पडलेली दिसेल. रस्ता एका पातळीवर, पोर्चचा कोबा दुसऱ्या. मधे जेमतेम दोन इंचांची उभी कड. त्या कडेवर स्कूटर चढवताना भला माणूसही दात-ओठ खातो, आणि त्याच कडेवरून उसाचा ट्रॅक्टर काहीच नसल्यासारखा जातो.

हा फरक इंजिनाइतकाच चाकाचा आहे. चाक कडेला टेकलं की त्याला त्या कोपऱ्याभोवती वर फिरावं लागतं आणि चाक जितकं लहान, तितकी कड त्याला आडवी येते. स्कूटरच्या दहा इंची चाकाची टायरसकट त्रिज्या साधारण 22 सेंटिमीटर. 5 सेंटिमीटरच्या कडेवर ते चढवायला चाकावरच्या भाराच्या 82 टक्के आडवा रेटा लागतो. पुढच्या चाकावर 45 किलो भार असेल तर रेटा झाला 37 किलोंचा. टायर दबतो म्हणून थोडी सूट मिळते, एवढंच. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला त्याच कडेसाठी भाराच्या 40 टक्के पुरतात. आता तीच 5 सेंटिमीटर उंची फूटभर उतारात पसरवली, की स्कूटरचा हिशेब 16 टक्क्यांवर येतो. उंची तीच राहिली, रेटा पाचपटीने उतरला.

म्हणून लोक कडेला सिमेंटचा माल थापतात. तो पहिल्या पावसाळ्यातच पापुद्र्यासारखा निघतो. दोष मिस्त्रीच्या हातापेक्षा आकाराचा असतो. उताराचं टोक निमुळतं होत शून्याला भिडतं. तिथल्या पातळ थरातलं पाणी उन्हाने तासाभरात उडतं. सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच हवं, ते न मिळाल्याने थर आकसतो, जुन्या कोब्यापासून सुटतो आणि चाकाखाली तुटतो. उपाय थोडा कष्टाचा आहे. उतार जिथे संपणार तिथे छिन्नीने दीड-दोन इंच खोल खाच पाडायची, म्हणजे टोकालाही जाडी राहते. जुना पृष्ठभाग टाचे मारून खरबरीत करायचा, धुवायचा, सिमेंटची स्लरी लावायची आणि मग बारीक खडीचं काँक्रीट. त्यावर ओली पोती किमान सात दिवस. एप्रिलच्या सोलापुरी उन्हात ती दुपारी पुन्हा भिजवावी लागतात, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

नीरेकाठची काळी जमीन यात आपला हात दाखवते. बेसाल्टपासून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसून भेगाळतं. थेट काळ्या मातीवर ओतलेला उतार दरवर्षी वर-खाली होतो. अशी माती काढून तिथे न फुगणारा, पण चिकटून राहणारा मुरूम भरायचा, ही युक्ती आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या अस्तरासाठी शास्त्रशुद्ध मांडली. फाटकापुढे कालव्याएवढा थर लागत नाही, पण धुमसाने ठोकलेला मुरूम हवाच.

मोटारीची अडचण उलटी: तिला कडेपेक्षा उताराचा माथा नडतो. समजा, पोर्च दीड फूट उंच आणि रस्त्यापर्यंत जागा साडेचार फूट, म्हणजे तीनास एक चढ, सुमारे 18 अंश. दोन चाकांत 2.4 मीटर अंतर आणि जमिनीपासून 17 सेंटिमीटर उंची असलेली छोटी गाडी जेमतेम 16 अंशांचा माथा ओलांडते. घरची चार माणसं बसली की तेवढाही नाही, पोट घासतं. चढाचा काही भाग फाटकाच्या आत घ्यावा आणि माथ्याशी मधला, निम्म्या चढाचा टप्पा ठेवावा.

हे न करता बरेच जण उतार रस्त्यावर पुढे ढकलतात. ती जागा आपली नव्हे, आणि आषाढात तुकोबांची पालखी गावातून जाते तेव्हा अशा पुढे आलेल्या कडांना ठेचकाळणारे पाय कुणाचे असतात, हे सांगायला नको. शिवाय खाली गटार असतं. नऊ इंचांच्या जागी साडेचार इंची पाइप टाकला तर निम्मं पाणी जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात पूर्ण भरून वाहतानाही साधारण सहावा हिस्साच जातो, उरलेलं शेजाऱ्याच्या पोर्चमध्ये. तिथे जाड लोखंडी जाळी बरी. ती उचलून गाळ काढता येतो.