ढग खाली उतरल्यावर हवाई कसरतींची स्पर्धा कशी चालते?

अमेरिकेतील लहान विमानतळांवर वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंत हौशी वैमानिकांच्या हवाई कसरतींच्या स्पर्धा होत असतात. १९७० मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल एरोबॅटिक क्लबच्या स्थानिक शाखा त्या भरवतात. बहुतेक स्पर्धा शनिवार-रविवार साधून घेतल्या जातात, कारण स्पर्धकांचा चरितार्थ विमानोड्डाणावर चालत नाही आणि सोमवारी त्यांना आपापल्या कामावर हजर व्हायचे असते. शनिवारी सकाळी आकाश ढगांनी भरून आले की स्पर्धेच्या संचालकापुढे खरा पेच उभा राहतो. पाऊस पडत असेल तर निर्णय सोपा असतो, कोणीच उडत नाही. अवघड असते ती पाऊस नाही, पण ढग खाली आहेत, अशी स्थिती.

भारतीय वाचकांना हवाई कसरती परिचित आहेत त्या प्रामुख्याने वायुदलाच्या सूर्यकिरण पथकामुळे. १९९६ मध्ये बीदर येथे स्थापन झालेले हे पथक किंवा ब्रिटनचे रेड ॲरोज पथक जे सादर करते, ते प्रदर्शन असते. प्रदर्शनात लवचिकता राखता येते. ढग खाली असतील तेव्हा रेड ॲरोज उभी वर्तुळे वगळून तुलनेने सपाट कार्यक्रम सादर करते, आणि प्रेक्षकांना त्यात काही उणे वाटत नाही. स्पर्धेत ही सवलत नाही. प्रत्येक स्पर्धकाला कसरतींचा क्रम आधीच आखून दिलेला असतो किंवा त्याने तो आधी सादर करून मंजूर करून घेतलेला असतो. स्पेनचे वैमानिक होसे लुईस अरेस्ती यांनी विकसित केलेल्या चिन्हलिपीत तो कागदावर काढलेला असतो आणि परीक्षक त्या आकृत्यांबरहुकूमच गुण देतात. आकृती वगळली तर तिचे गुण शून्य. त्यामुळे ढगांना पाहून कार्यक्रम आटोपशीर करणे शक्य नसते.

या कसरती आकाशात कुठेही करायच्या नसतात. सुमारे ३३०० फूट, म्हणजे साधारण एक किलोमीटर, लांबीरुंदीची एक अदृश्य पेटी त्यासाठी नेमून दिलेली असते. जमिनीवर ठळक खुणा करून तिच्या सीमा वैमानिकाला वरून दिसतील अशी व्यवस्था केली जाते. पेटीचे छत साधारणपणे ३५०० फुटांवर असते. तळ मात्र गटागणिक बदलतो. नवशिक्यांच्या प्रायमरी आणि स्पोर्ट्समन गटांना १५०० फुटांच्या खाली येण्यास मनाई असते. इंटरमीडिएट गटाला १२०० फुटांपर्यंत, ॲडव्हान्स्डला सुमारे ६५६ फुटांपर्यंत आणि सर्वोच्च अनलिमिटेड गटाला ३२८ फुटांपर्यंत, म्हणजे अवघ्या शंभर मीटरपर्यंत खाली येता येते. अमेरिकेच्या हवाई नियमांनुसार एरवी १५०० फुटांच्या खाली कसरती करताच येत नाहीत. स्पर्धेपुरती ही अट शिथिल करणारा परवाना आयोजकांना सरकारकडून घ्यावा लागतो आणि तो ठरावीक दिवसांपुरताच मिळतो.

आता ढगांचा तळ २८०० फुटांवर आहे असे मानू. अशा विमानतळांभोवतालच्या हवाई क्षेत्रात साधारणपणे ढगांपासून किमान ५०० फूट खाली राहावे लागते. म्हणजे वापरता येणारी कमाल उंची २३०० फूट. अनलिमिटेड गटाच्या वैमानिकाला यात जवळपास दोन हजार फुटांची मोकळीक उरते. स्पोर्ट्समन गटाच्या वाट्याला येतात फक्त ८०० फूट. खालावलेल्या ढगांचा पहिला आणि सर्वात मोठा फटका असा नवशिक्यांनाच बसतो. हा अन्याय वाटू शकतो, परंतु त्यामागे कारण आहे. गिरकी घेत खाली येणारे विमान सावरताना काही शे फूट सहज खर्ची पडतात, आणि चूक उमगायला नवशिक्याला वेळ अधिक लागतो. तळाची उंची ही त्या चुकीसाठी राखून ठेवलेली जागा असते.

यात विमानांचाही फरक पडतो. नवशिक्यांच्या गटांत नेहमी दिसणारे सुपर डेकॅथलॉन हे १८० अश्वशक्तीचे विमान कसरती करताना उंची गमावत जाते. त्याचा वैमानिक वरून सुरुवात करतो आणि प्रत्येक आकृतीत थोडी उंची खर्चून वेग मिळवतो. ३०० अश्वशक्तीच्या एक्स्ट्रा विमानाला ही उधारी करावी लागत नाही. म्हणून ढग खाली असताना एकाच गटातील दोन स्पर्धकांपुढील परीक्षाही सारखी राहत नाही.

यावर नियमांत एक तोडगा आहे. एरवी क्रम मध्येच थांबवून उंची गाठायला जाणाऱ्या वैमानिकाचे गुण कापले जातात. ढग खाली असतील तर संपूर्ण गटाला असा खंड विनादंड घेण्याची मुभा देता येते. वैमानिक पंख हलवून थांबल्याची खूण करतो, वर चढतो आणि पुन्हा पंख हलवून उरलेला क्रम पुरा करतो. ही मुभा गटातील पहिले विमान उडण्यापूर्वी जाहीर झाली तरच ती न्याय्य ठरते. निम्मे स्पर्धक उडून गेल्यावर दिलेली सवलत स्पर्धेचाच तोल बिघडवते.

दृश्यतेचा प्रश्न याहून फसवा आहे. कसरतींसाठी किमान तीन मैल, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटर दृश्यता नियमाने आवश्यक आहे. पण तीन मैल दिसत असले तरी धुरकट हवेत क्षितिज दिसेलच असे नाही. विमान ४५ अंशांच्या कोनात वर नेताना वैमानिक पंखाच्या टोकाला बसवलेल्या त्रिकोणी चौकटीची कड क्षितिजाशी जुळवून पाहतो. क्षितिजच पुसले गेले तर कोन केवळ अंदाजाने धरावा लागतो. परीक्षक प्रत्येक आकृतीला दहापैकी गुण देतात आणि पाच अंशांच्या चुकीला एक गुण कापतात. त्यानंतर त्या गुणाला आकृतीच्या काठिण्याच्या गुणांकाने गुणले जाते. खाली खुर्च्या टाकून बसलेल्या परीक्षकांनाही करड्या ढगांखालील पांढरे विमान नेमके कोणत्या कोनात आहे हे ठरवणे जड जाते.

वाऱ्याची गोष्ट निराळी. वारा स्पर्धा थांबवतोच असे नाही, पण कौशल्याची कसोटी पाहतो. वर्तुळ वाऱ्यात वाहून अंडाकृती दिसले तर गुण जातात, म्हणून ते गोल दिसेल अशा बेताने विमान चालवावे लागते. सरळ उभ्या रेषेत मात्र विमान वाऱ्याने सरकले तरी चालते, कारण तिथे परीक्षक विमानाचा मार्ग नव्हे, तर त्याचा कल पाहतात. शिवाय पेटीबाहेर गेल्यास वेगळा दंड असतो.

या सगळ्यात मनुष्यबळाचे गणितही गुंतलेले असते आणि बाहेरच्यांच्या ते सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक परीक्षकाजवळ आकृत्या वाचून दाखवणारा एक साहाय्यक आणि गुण टिपणारा एक लेखनिक लागतो. हे सारे स्वयंसेवक असतात. त्यांच्यात अनेक जण स्वतः स्पर्धकही असतात. एका गटाचे वैमानिक उडत असताना दुसऱ्या गटाचे वैमानिक परीक्षकांच्या रांगेत बसतात. ढग वर सरकेपर्यंत स्पोर्ट्समन गटाला थांबवून अनलिमिटेड गट आधी उडवावा, हे कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात त्यासाठी अर्धी मंडळी मैदानातून धावपट्टीकडे आणि अर्धी उलट दिशेने हलवावी लागतात. वीज कडाडली तर मोकळ्या माळावर बसलेल्या परीक्षकांनाच सर्वांआधी उठवावे लागते. शनिवारचा दिवस असा गेला की रविवारी तीनऐवजी दोनच किंवा एकच फेरी होते आणि निकाल त्यावरच लागतो.

सर्वात धोक्याचा क्षण मात्र स्पर्धा संपल्यानंतर येतो. कसरतींच्या अनेक विमानांत कृत्रिम क्षितिज दाखवणारे उपकरण बसवलेलेच नसते. एक तर त्याने वजन वाढते, आणि जुन्या पद्धतीची अशी उपकरणे कसरतींत निकामी होतात. असे विमान ढगात शिरले तर वर-खाली कुठे आहे हे वैमानिकाला कळण्याचा मार्गच उरत नाही. डोळ्यांनी पाहून उडणारा वैमानिक ढगात सापडण्याचे अपघात बहुतांशी प्राणघातक ठरतात. दोन दिवस पेटीच्या शिस्तीत उडालेला माणूस रविवारी संध्याकाळी घराच्या ओढीने दोनशे मैलांच्या ढगाळ वाटेला लागू शकतो, आणि तिथे त्याला थांबवणारा परीक्षक नसतो. म्हणून जाणते संचालक अखेरच्या बैठकीत निकालापूर्वी परतीच्या मार्गावरील हवामान वाचून दाखवतात. मग काही जण विमान दोरांनी जमिनीला बांधून ठेवतात, भाड्याच्या मोटारीने घर गाठतात आणि पुढच्या आठवड्यात ते न्यायला येतात.