रसायनीचा वाटा

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपट्याच्या अलीकडे रसायनीला थांबते. पाताळगंगेच्या खोऱ्यातल्या या औद्योगिक पट्ट्यात हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना होता. स्थापना 1960ची, आसपासच्या गावांत त्याचं नाव ‘एचओसी’. पुढे तोटा वाढत गेला आणि मे 2017मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले न परवडणारे प्लांट बंद करायचं ठरवलं. त्यातून एक प्लांट वगळला. सुमारे 20 एकर जमीन आणि तिथल्या कामगारांसह तो इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला, कारण तिथे होणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साईडला इस्रोसाठी देशात दुसरा पुरवठादार नव्हता.

हा पदार्थ 21 अंशांनाच उकळतो. म्हणजे पनवेलच्या कुठल्याही दुपारी उघडा ठेवला तर लालसर तपकिरी विषारी धूर होऊन उडून जाईल. हायड्राझीन जातीच्या इंधनाला तो नुसता भेटला तरी पेट घेतो, ठिणगी लागत नाही. आपलं ‘विकास’ इंजिन याच जोडीवर चालतं. आपल्या अंतराळवीरांसाठीचं गगनयान नेणाऱ्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं आहेत. त्या टप्प्यात सुमारे 110 टन द्रव भरतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग या टेट्रॉक्साईडचा असतो.

याची दुसरी बाजू 24 जुलै 1975ला दिसली. अपोलो-सोयुझ मोहिमेहून परतताना, पॅराशूटवर उतरत असलेल्या अमेरिकी यानाच्या केबिनमध्ये हाच वायू शिरला. स्टॅफर्ड, ब्रँड आणि स्लेटन तिघांच्याही फुप्फुसांत तो गेला. ब्रँड बेशुद्ध पडले, स्टॅफर्डनी त्यांना ऑक्सिजनचा मुखवटा चढवला. तिघे वाचले, पण होनोलुलूच्या रुग्णालयात राहावं लागलं.

मग माणूस पाठवायचाच कशाला? विक्रम साराभाईंनी हा प्रश्न आधीच निकालात काढला होता. समानव उड्डाणात श्रीमंत देशांशी स्पर्धा करायची स्वप्नं आपल्याला पडत नाहीत, असं ते स्पष्ट म्हणत. त्यांना अवकाश हवं होतं ते हवामानासाठी, दूरसंपर्कासाठी, खेड्यातल्या टीव्हीसाठी. मला त्यांचं म्हणणं आजही पटतं. माहिती गोळा करायला यंत्रं पुरतात. चांद्रयान-3 कुणालाही न बसवता चंद्रावर उतरलं.

तरी एक गोष्ट यंत्र पाठवून कळत नाही: आपल्याच कामावर आपला किती भरवसा आहे. उपग्रह बुडाला तर नवा बांधता येतो. माणूस बसणार म्हटल्यावर प्रत्येक वेल्ड, प्रत्येक व्हॉल्व्ह, रसायनाची प्रत्येक बॅच नव्याने तपासावी लागते. जुलै 2021मध्ये महेंद्रगिरीला विकास इंजिन सलग 240 सेकंद चालवून पाहिलं, तेही याच पात्रता-परीक्षेतलं. वर्षानुवर्षं उडत आलेल्या इंजिनाला पुन्हा परीक्षेला बसवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अंतराळवीराच्या धाडसाचं आपण कौतुक करतो. त्या धाडसाचा मोठा भाग म्हणजे कधीही न भेटलेल्या माणसांनी काम नीट केलं असेल असं धरून चालणं.

हा भरवसा आपण अजून पुरता वापरलेला नाही. 1984 साली राकेश शर्मा गेले ते सोयुझमधून. 25 जून 2025ला शुभांशू शुक्ला गेले ते अमेरिकी फाल्कन-9 वरून. दोन्ही रॉकेटं केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारी; आपल्या टेट्रॉक्साईडचा तिथे संबंध नव्हता. गगनयानात तो प्रथमच येईल. आधी व्योममित्रा हा यंत्रमानव बसेल, मग माणसं. उड्डाणानंतर दोन मिनिटं व्हायच्या आत विकासची जोडी पेटेल.

अशा वेळी श्रीहरिकोटाला निमंत्रितांची यादी लांबलचक असते. एचओसीच्या निवृत्त ऑपरेटरांपैकी चार-दोन जणांची नावं त्यात घालायला इस्रोला फारसा खर्च येणार नाही.