वाळवंट दोन वाटांनी येते



वाळवंट म्हटले की राजस्थानची वाळू आणि उंट डोळ्यांपुढे येतात. आपल्या काळ्या रानाशी त्याचा काय संबंध, असे कोणीही विचारील. पण 1994 साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने याविषयी जो करार झाला, त्यात वाळूची अटच नाही. कोरड्या मुलखातली जमीन नापीक होत जाणे, यालाच तिथे वाळवंटीकरण म्हटले आहे. आपल्या देशात त्याचे सर्वांत मोठे कारण वारा नसून पाण्याने होणारी धूप हे आहे.

हिंगोली जिल्ह्यात हे संकट दोन वाटांनी येऊ शकते, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली वाट माळावरची. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडील उताराच्या मुरमाड रानात माती मुळात वीतभर. जोराच्या पावसात तीच कयाधूत वाहून जाते. इथे काम माथ्यावरून पायथ्याकडे करावे. आधी समपातळी चर, मग बांध, शेवटी नाल्यावरचा बंधारा. उलटे केले तर बंधारा दोन-चार पावसांत गाळाने भरतो. पेरणी उताराला आडवी करावी आणि माथ्यावर गवत राखावे.

दुसरी वाट कालव्याकाठची. पूर्णा प्रकल्पाच्या पाण्याने वसमतकडची भारी जमीन फुलली. पण ‘पाणी लई, तर ऊस लई’ हा समज घातक आहे. निचरा नसला की रान चिबड होते, खालचे क्षार वर येतात आणि पांढरी फुटते. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठी अशी कितीतरी उसाची राने क्षारपड झाली. इथे आधी निचऱ्याचा चर, मग बेताचे पाणी. माती तपासून चोपण निघाली तरच जिप्सम घालावे.

आता जरा हिशेब करू. आडसाली उसाला पाटाने दिलेले पाणी 2,000 मि.मी.च्या वर जाते, म्हणजे एकरी सुमारे 80 लाख लिटर. आपल्याकडे पाऊस साधारण 800 मि.मी., म्हणजे एकरी 32 लाख. याचा अर्थ, एक एकर ऊस अडीच एकरांचा सगळा पाऊस पितो!

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा हिशेब वेळीच मांडला. माथ्यावर चर खोदले, मोकाट चराई व कुऱ्हाड बंद केली, शेतीसाठी बोअर घेणे थांबवले. दरवर्षी पाऊस मोजून पिके ठरवली आणि ऊस नको म्हटले. उसाच्या पत्रिकेत हे छापताना हात जरा अडखळतो. पण खरे ते सांगितलेच पाहिजे. आपण ऊस सोडावा असे नाही. विहिरीत पाणी असेल तेवढाच लावावा आणि तो ठिबकवर घ्यावा.

आणि एक उपाय फुकटचा आहे. तोडणीनंतर पाचट पेटवू नका. एकरी 3 ते 4 टन पाचट सरीत दाबून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाका. ओल टिकते, खुरपणी वाचते, मातीला सेंद्रिय खत मिळते. काडी लावली तर तासाभरात सगळी राख!

यंदा लावणीआधी प्रत्येकाने आपल्या रानाला एकच प्रश्न विचारावा: तुझी माती वाहून जाते, की पाण्यात कुजते? उत्तर मिळाल्यावरच कुदळ उचलावी. गाळप एका हंगामाचे असते, जमीन मात्र नातवंडांची आहे.