पत्र्याचा गडगडाट : मेहकरच्या मुलांकडून नाटुकली रचून घेताना

सुरुवातीलाच सांगतो, हे मेहकर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं शारंगधर बालाजीचं मेहकर नव्हे. हे बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातलं. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात आली. त्यामुळं इथल्या पोरांची घरातली भाषा मराठी, सरकारी कन्नड आणि बाजारातली दखनी.

अशा आठवी ते दहावीतल्या काही मुलामुलींना घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा-दहा मिनिटांची नाटुकली बसवली. लिहून दिलेली नाहीत, त्यांनीच रचलेली. भडक, रडारडीची, शेवटी टाळ्या घेणारी. आणि सगळे आवाज तिथल्या तिथं हातानं काढलेले, मोबाइलवरून एकही नाही. मी पेशानं यंत्र अभियंता. इतिहास आपला आपण वाचून शिकलो, नाटकाचं शिक्षण शून्य. पण या खटाटोपात आठवणी गोळा करायची एक रीत हाती लागली, ती मंडळापुढं ठेवावी म्हणून हे टिपण.

रीत जुनीच आहे

‘सर, लिहिलेलं नाही तर बोलायचं काय?’ हा पोरांचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर १८४३ सालचं आहे. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आली होती. तो खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. त्यातून ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तिथून मोजतो. त्याची ठिणगी कानडी मुलखातून आली, हे सीमेवरच्या माणसानं विसरू नये.

भाव्यांच्या नाटकात छापील संवाद नसायचे. सूत्रधार पदं म्हणून कथा पुढं न्यायचा आणि नट आपापलं भाषण ऐनवेळी जुळवायचे. राक्षस आले की राळेचा भपका, झांजांचा कल्लोळ आणि ‘अलल डुर्र’ अशी आरोळी. पुढं लिखित संवादांची ‘बुकिश’ नाटकं आली. वि. ज. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चं. मग जुन्या खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं जाऊ लागलं. पण पोरांना शिकवायला तीच रीत सोपी. मेलोड्रामा या शब्दातलं ‘मेलो’ म्हणजे तरी काय? ग्रीकमधलं गाणं. मुळात संगीताच्या साथीनं चालणारं नाटक ते. भडकपणाची बदनामी नंतरची.

म्हणून आम्ही एक सूत्रधार नेमला. कथेच्या पाचच ओळी ठरवल्या : कोण आहे, त्याला काय हवंय, आडवं कोण आलं, काय गमावलं, शेवट काय. नियम एकच. प्रत्येक प्रवेश एका आवाजानं उलटला पाहिजे.

आवाजाचं टेबल

गडगडाटाला पत्रा लागतो, पण छपराचा पन्हाळी पत्रा चालत नाही. नागमोडीमुळं तो ताठ होतो आणि नुसता खडखडतो. सपाट, पातळ आणि माणसाच्या उंचीचा पत्रा वरून टांगा, खालचं टोक धरून हलवा. एवढा मोठा पत्रा सावकाश लवतो, म्हणून आवाज खर्जातला येतो. पोरांनी आधी वीज आणि गडगडाट एकदम केला. मग हिशोब सांगितला : आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. बॅटरी चमकवा, तीन अंक मोजा, मग पत्रा. ते तीन अंक प्रेक्षक श्वास रोखून बसतात.

पावसाला सुपात ज्वारी घेऊन सूप हळूहळू कलतं करायचं. जाळाला वाळक्या तुराट्या मोडायच्या. हाड मोडायला कडब्याचं ताट. घोड्याला नारळाच्या दोन करवंट्या, पण नुसतं टपटप नाही : चालत्या घोड्याचे चार ठोके सुटे पडतात, दुडक्या चालीत दोन-दोन. १९२४ च्या जानेवारीत बीबीसीनं ‘डेंजर’ ही श्रुतिका केली. ती घडते कोळशाच्या खाणीत, अंधारात. आम्हीही एक तालीम दिवे घालवून केली. कुठला आवाज खोटा वाटतो ते अंधारात लगेच कळतं.

‘काय झालं’ नको, ‘ऐकू काय यायचं’ विचारा

आता मुद्द्याचं. विषय गावचाच हवा असं ठरलं, म्हणून पोरं घरोघर विचारायला गेली. एका आज्जीला विचारलं, ‘बहात्तरचा दुष्काळ कसा होता?’ आज्जी म्हणाली, ‘लई वाईट होता, बाबा.’ झालं, संपलं. दुसऱ्या दिवशी एका पोरीनं विचारलं, ‘आज्जी, तुम्ही कामावर होता तेव्हा ऐकू काय यायचं?’ आज्जीनं वरवंटा उचलला आणि पाट्यावर टाकून दाखवला. खडी फोडायचा आवाज. एकसारखा नाही, कुणाचा घाव जलद, कुणाचा हळू. मग आपणहून म्हणाली, ‘पाठीला लेकरू बांधलेल्या बाईचा घाव हळू पडायचा.’

मी बरीच वर्षं वही-पेन घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतो. असं वाक्य मला कधी मिळालं नव्हतं. ‘काय झालं’ विचारलं की माणसं ठरलेलं, चारचौघांत सांगितलेलं उत्तर देतात. आवाज विचारला की हात हलतो आणि हातासोबत आठवण येते.

खलनायक नसलेलं नाटुकलं

अडचण आली १९४८ वर. पोरांना रझाकारांचं नाटक हवं होतं. मिशा, करवंट्यांचे घोडे आणि खदाखदा हसणारा खलनायक. ऐन आयतं साहित्य. पण याच जिल्ह्यात त्या मे महिन्यात रझाकारांनी केलेलं गोरट्याचं हत्याकांड झालं आणि याच जिल्ह्यात सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमान घरांवर हल्ले झाले. सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत बीदरचं नाव घेतलं आहे. माझ्यासमोर बसलेल्या पोरांत दोन्हीकडची नातवंडं होती. मिशा कुणाच्या तोंडावर चिकटवायच्या?

मी इतकंच म्हटलं : दोन गल्ल्यांत जा, आवाज विचारा, आणि ऐकलं तेवढंच करा. एका आजोबांनी सांगितलं, रात्री गाव सोडताना बैलांच्या घुंगरमाळा काढून पोत्यात भरल्या होत्या. दुसऱ्या गल्लीतल्या नानीनं सांगितलं, दाराच्या कडीला फडकं गुंडाळलं होतं, हलली तरी वाजू नये म्हणून. महिने वेगळे, भीती वेगळ्या माणसांची. मी त्यांची बेरीज-वजाबाकी केली नाही, पोरांनाही करू दिली नाही.

‘व्हिलन नाही तर मजा काय, सर?’ अशी कुरकुर झाली. पण प्रयोगाच्या दिवशी एका पोरानं घुंगरमाळ जोरात वाजवली, मग एक-एक घुंगरू मुठीत धरत ती गप्प केली. नंतर एका पोरीनं कडी वाजवली आणि तिला फडकं गुंडाळलं. बोलणं जवळपास नाहीच. पारावर बसलेली माणसंही गप्प झाली.

आवाजाचं टेबल आम्ही पडद्याआड नाही, प्रेक्षकांसमोर ठेवतो. त्यामागं कारण आहे. पत्रा हलवणारा पोरगा दिसतो तेव्हा हे रचलेलं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. वहीतही तीन रकाने असतात : कुणाकडून ऐकलं, आवाज कोणता, आणि आपण पदरचं काय घातलं. तिसरा रकाना भरायला पोरं लाजतात, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तोच आधी शिकवावा.

त्याचा उपयोग त्याच संध्याकाळी झाला. प्रयोग संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, ‘सगळं बरोबर हाय, पण आमच्या गल्लीत घोडं कधी आलंच नाही. आम्ही ऐकली ती मोटार.’ घोडा तिसऱ्या रकान्यातला होता, म्हणजे आमच्या पदरचा. पोरांनी तो खोडला आणि मोटार पहिल्या रकान्यात लिहिली, आजोबांकडून ऐकली म्हणून. आता त्या काळातली मोटार वाजायची कशी, हे शोधणं चालू आहे. मंडळातल्या कुणाच्या घरी ते सांगणारं माणूस असेल तर लवकर विचारा. ही माणसं आता थोडीच उरलीत.