चित्रातल्या घरात ऊन कुठून येतं?

घर घ्यायचं म्हटलं की पूर्वी आपल्या हाती निळा नकाशा यायचा. त्यातल्या रेघा कळायच्या नाहीत, आणि कळतंय असं दाखवण्यात घरातले पुरुष मोठे पटाईत! आता तसं राहिलेलं नाही. बिल्डरच्या ऑफिसात पाऊल टाकलं की समोरच्या पडद्यावर घर तयार असतं. दिवाणखान्यात कोवळं ऊन, ओट्यावर लिंबांची टोपली, गॅलरीत फुललेल्या कुंड्या. फरशीत पंख्याचं प्रतिबिंबसुद्धा दिसतं. मन हरखून जातं आणि त्याच बैठकीत टोकन द्यायची घाई होते.

मैत्रिणींनो, ही चित्रं खोटी असतात असं सांगायला मी बसलेली नाही. उलट ज्या सॉफ्टवेअरवर ती काढतात त्यात गेल्या काही वर्षांत अशा सोयी आल्या आहेत, की पुढे आपल्या घरात काय घडणार ते बरंचसं आधीच पाहून घेता येतं. फक्त ते मागावं लागतं. न मागता जे दाखवतात ते विक्रीसाठी सजवलेलं असतं. मुलगी दाखवायच्या दिवशीचं घर आणि एरवीचं घर यात फरक असायचाच ना, तसंच हे!

आधी थोडं समजून घेऊ या. आर्किटेक्ट लोक हल्ली नुसता नकाशा काढत नाहीत, संगणकात अख्खं घर उभं करतात. त्यासाठी रेव्हिट, आर्किकॅड, स्केचअप अशी सॉफ्टवेअर आहेत. आर्किकॅड हे हंगेरीतल्या कंपनीचं, यांतलं सर्वांत जुनं. रेव्हिट आणि स्केचअप दोन्ही 2000 साली बाजारात आली. या घरातल्या भिंतीला जाडी असते, खिडकीला जमिनीपासूनची उंची असते. रेव्हिट किंवा आर्किकॅडमध्ये एका ठिकाणी दार मोठं केलं की सगळ्या नकाशांत ते आपोआप मोठं होतं.

हा झाला सांगाडा. त्यावर रंग, ऊन, सावली चढवून जे दिसतं ते चित्र. पूर्वी असं एक चित्र तयार व्हायला संगणक तासन् तास, कधी रात्रभर चालू ठेवावा लागे. आता तेच काम डोळ्यांदेखत होतं, आणि याचं श्रेय चक्क व्हिडिओ गेमला आहे! तुमची मुलं फोर्टनाइट खेळत असतील. तो खेळ काढणाऱ्या एपिक गेम्स कंपनीने 2019 साली ट्विनमोशन हे घरं दाखवणारं सॉफ्टवेअर विकत घेतलं. एन्स्केप, लुमियन ही त्याच जातीची. खेळात जसं वळलं की पुढचं दृश्य लगेच दिसतं, तसं यात मान वळवली, वेळ बदलली, की चित्र तिथल्या तिथे बदलतं. म्हणून घर एकदा संगणकात उभं असलं, की ‘ताई, त्याला आठवडा लागेल’ ही सबब चालू देऊ नका.

आता मुख्य गोष्ट उन्हाची. कपडे वाळणं, भिंतींना ओल धरणं, दुपारी स्वयंपाकघराची भट्टी होणं, सगळं उन्हावर अवलंबून. आणि सबंध दिवस ते भोगायचं बहुधा आपल्यालाच.

ऊन खरं दाखवायला सॉफ्टवेअरला मोजक्याच गोष्टी सांगाव्या लागतात: गाव कोणतं, तारीख-वेळ काय, आणि उत्तर कुठे. एवढं दिलं की सूर्य आकाशात नेमका जिथे असेल तिथे तो ठेवला जातो. पण चित्र सुंदर यावं म्हणून सूर्य हाताने हवा तिकडे सरकवताही येतो. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: ‘हा सूर्य आपल्या गावाचा आहे की चित्रासाठी ठेवलाय?’ समोरचा गडबडला तर काय समजायचं ते समजा.

दुसरं, तारीख तुम्ही सांगा. पुण्याचंच उदाहरण घ्या. 21 डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर. शेजारी 21 मीटर उंचीची, म्हणजे साधारण सात मजली इमारत असेल, तर तिची सावली उत्तरेला सुमारे 19 मीटर पडते. तुमची खालच्या मजल्यावरची गॅलरी त्या सावलीत असली, तर थंडीत तिथे दुपारचंही ऊन नाही. याच इमारतीची 21 जूनच्या दुपारची सावली पाहा: फार तर दोन मीटर, आणि तीही दक्षिणेला! कारण त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. म्हणजे जूनच्या दुपारचं चित्र काढलं की शेजारची इमारत जवळजवळ सावलीच पाडत नाही, आणि सगळं अंगण उजळून निघतं. प्रत्यक्षात जूनमध्ये आपल्याकडे ढग! म्हणून डिसेंबरची सकाळ, दुपार आणि संध्याकाळ, तिन्ही वेळा दाखवायला सांगा.

स्वयंपाकघर पश्चिमेला असेल तर आणखी एक तारीख सांगा: मे महिन्यातली कुठलीही, दुपारी साडेचारची. संध्याकाळकडे झुकलेलं सोनेरी ऊन चित्रात फार लोभस दिसतं. पण चित्रात उष्णता दिसत नाही हो! पोळ्या लाटताना तेच ऊन पाठीवर येतं. छज्जा किती बाहेर आला की ते ओट्यापर्यंत पोचणार नाही, हेही तिथल्या तिथे छज्जा लांबवून पाहता येतं. बांधकाम व्हायच्या आधी असा बदल सुचवला तर निदान विचार तरी होतो.

शेजारचा प्लॉट चित्रात हिरवळीचा असतो, तोही जपून पाहा. तिथे उद्या जेवढी उंच इमारत होऊ शकते, तेवढा एक साधा ठोकळा उभा करून दाखवा म्हणावं. दोन मिनिटांचं काम आहे. झाडांचंही तसंच. ट्विनमोशनमध्ये झाडाचं वय कमी-जास्त करायची सोय आहे. माहितीपत्रकातली झाडं सहसा चांगली वाढलेली असतात. ताबा मिळेल त्या वर्षीची रोपं बघायला मागा.

आता तुमच्या-माझ्या उंचीची गोष्ट. चित्र पाहणारा डोळा कुठे ठेवायचा हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. स्केचअपमध्ये काही न सांगितल्यास तो साडेपाच फुटांवर असतो. पाच फूट उंचीच्या बाईचा डोळा पावणेपाच फुटांच्याही किंचित खालीच असतो. त्या उंच डोळ्याने पाहिलं की वरची कपाटं हाताशी वाटतात. ‘माझ्या उंचीवरून दाखवा’ असं सांगायला लाजू नका. त्यातून खोली मोठी भासावी म्हणून रुंद भिंगाची सोय वापरतात. ती ओळखायची खूण सोपी आहे: चित्राच्या कडेची खुर्ची किंवा कुंडी रबरासारखी ताणलेली दिसते.

आणि सामान! चित्रातल्या घरात कधी पिंप पाहिलंत? सिलिंडर, इस्त्रीचं टेबल, पाहुण्यांच्या गाद्या? माझ्या नणंदेने चित्र पाहूनच स्वयंपाकघर पसंत केलं होतं. राहायला गेल्यावर कळलं, की फ्रिजचं दार भिंतीला अडतं आणि भाजीचा कप्पा पुरता बाहेर येत नाही. चित्रातला फ्रिज होता तिच्या फ्रिजपेक्षा अरुंद. आता रोज दार अर्धवट उघडून ती तिरक्या हाताने भाजी काढते. तेव्हा आपल्या पलंगाचं, कपाटाचं, फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं माप चिठ्ठीवर लिहून न्या आणि त्याच मापाच्या वस्तू तिथे ठेवून, दारं उघडून दाखवायला सांगा. डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवून घरात फिरवतात ना, तेव्हा हे छान कळतं. पहिल्यांदा थोडं गरगरतं, म्हणून खुर्चीत बसून पाहा.

सगळ्यात नवी करामत कृत्रिम बुद्धिमत्तेची. 2023 पासून स्केचअप आणि आर्किकॅडमध्येही ती आली आहे. ‘पितळी भांडी, शहाबादी फरशी, सकाळची वेळ’ असं लिहिलं की काही क्षणांत चित्र हजर! रंग ठरवायला, पडदे निवडायला मजेची आहे. मापांसाठी मात्र तिच्यावर मुळीच विसंबू नका. ती चित्र मोजून काढत नाही, अंदाजाने रंगवते, आणि त्या भरात नसलेली खिडकीही काढून ठेवते. अशा चित्रातल्या खिडक्या मोजून नकाशाशी ताडून पाहाव्यात.

चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘कलात्मक कल्पना’ असं छापलेलं असतं. तरीही आपण अगदीच निराधार नाही. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याचं, म्हणजे ‘रेरा’चं, 12 वं कलम यासाठीच आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरली आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. म्हणून माहितीपत्रक रद्दीत टाकू नका, त्यावर मिळाल्याची तारीख घालून कपाटात ठेवा. नोंदलेला करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही ‘ह्यां’च्या कानावर घालून ठेवा. आठ सदनिकांपर्यंतच्या किंवा 500 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या इमारतीला नोंदणीची सक्ती नाही. लहान गावांत अशाच इमारती पुष्कळ. तिथे नगरपालिकेच्या शिक्क्याचा मंजूर नकाशाच मागून घ्यावा.

नवं घर नाही, नुसता ओटा बदलायचाय? मग कोणाकडे जायची गरजही नाही. ‘स्वीट होम थ्रीडी’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी दोन संध्याकाळींत त्यावर आपलं घर काढून देईल. भिंतींची मापं मात्र टेप घेऊन तुम्हीच घ्या, कारण मुलं अर्धा इंच सोडून देतात आणि नेमका तिथेच ट्रॉलीचा कप्पा अडतो. त्यात एक होकायंत्र असतं. तिथे उत्तर आणि गाव भरलं की हव्या त्या तारखेचं, वेळेचं ऊन दिसतं. उत्तर मोबाईलवर पाहायची असेल तर लोखंडी कपाटाजवळ किंवा खिडकीच्या गजांजवळ उभं राहून पाहू नका, सुई भलतीकडे जाते. खोलीच्या मधोमध उभं राहा आणि दोनदा पाहा.