घरचे जेवण हॉटेलात का मिळत नाही?

महाराष्ट्रातल्या बेताच्या हॉटेलाच्या मेन्यूकार्डावरही शंभरेक पदार्थ सहज असतात. तथापि तेथे जेवायला आलेल्या कुटुंबाच्या घरी एरवी रोज रात्री जे शिजते, म्हणजे पोळी किंवा भाकरी, एखादी पालेभाजी अथवा उसळ, आमटी, भात आणि पानाच्या डाव्या बाजूची कोशिंबीर, ते त्या कार्डावर बहुधा सापडत नाही. रोजचेच खायचे तर बाहेर कशाला जायचे, हे याचे नेहमीचे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे, कारण घरापासून दूर राहणारा नोकरदार किंवा विद्यार्थी नेमके हेच जेवण शोधत असतो आणि हॉटेले त्यालाही ते देऊ शकत नाहीत. खरे कारण भटारखान्याच्या, म्हणजे हॉटेलातील स्वयंपाकघराच्या, कामाच्या रीतीत आहे.

गिऱ्हाईक केव्हा येईल आणि काय मागवील हे ठाऊक नसताना शंभर पदार्थांची हमी द्यायची, तर पदार्थ अर्धा तयार असावा लागतो आणि त्या अर्ध्या अवस्थेत तो टिकावाही लागतो. तथाकथित पंजाबी जेवणाने ही अडचण सोडवली. फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीत दर्यागंजला ‘मोती महल’सारखी उपाहारगृहे काढली, तंदूर आणि टोमॅटो-लोण्याची ग्रेव्ही तेथून देशभर पसरली आणि पुढे इडली-डोशावर उभ्या राहिलेल्या उडुपी हॉटेलांनीही रात्रीच्या जेवणासाठी तीच पद्धत उचलली. या पद्धतीत टोमॅटोची लाल, काजू आणि मगजाची (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बियांची) पांढरी आणि परतलेल्या कांद्याची तपकिरी अशा दोन-तीन मूळ ग्रेव्ही दिवसा पातेली भरून करून ठेवतात. ऑर्डर येताच कढईत लोणी, त्यावर डावभर ग्रेव्ही, त्यात पनीर किंवा वाफवलेल्या भाज्या, वरून मसाला आणि साय पडते आणि दहा मिनिटांत पदार्थ टेबलावर येतो. लाल ग्रेव्हीत तिखट वाढवले की तिचेच ‘व्हेज कोल्हापुरी’ होते. ज्या कोल्हापूरची ओळख मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ही आहे, तेथल्या घरांत या नावाची भाजी कोणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

मराठी घरातले जेवण या परीक्षेत प्रत्येक घासाला नापास होते. पालेभाजी पुन्हा गरम केली की काळवंडते, मीठ घातलेल्या कोशिंबिरीला थोड्याच वेळात पाणी सुटते आणि भाकरी तर परातीत एकेक थापून, तव्यावर टाकून, पाणी फिरवून, निखाऱ्यावर किंवा आचेवर फुगवून लगेच पानात पडावी लागते. पेटत्या तंदुरात एकाच वेळी अनेक रोट्या चिकटवता येतात, तर भाकरीमागे एक बाई आणि एक तवा अडकून राहतो. मेन्यूकार्डावरच्या निवडीची किंमत गिऱ्हाईक भाकरी सोडून चुकती करते, असे म्हणायला हरकत नाही.

निवड काढून टाकली की गणित बदलते, आणि खानावळ हा त्याचा पुरावा आहे. मुंबईत १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी स्थापन झाल्यानंतर कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले बहुसंख्य कामगार बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत अनेक जण राहत आणि चाळीतल्याच एखाद्या बाईकडे दोन वेळचे जेवण महिन्याच्या बोलीवर लावत. माणसे किती हे तिला ठाऊक असे, गिरणीच्या पाळीमुळे ती केव्हा येणार हेही ठाऊक असे आणि सर्वांच्या ताटात एकच कालवण पडणार असल्याने भाकरी तव्यावरून थेट ताटात जाऊ शके. या व्यवहारात जोखीम मात्र सगळी तिची होती, कारण जेवणारे पगार झाल्यावर पैसे देत आणि तोवरचा किराणा तिला उधारीवर किंवा सावकाराच्या जबर व्याजावर भरावा लागे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या बायकांना बँकांची कर्जे मिळवून दिली ती याच कोंडीतून सोडवण्यासाठी. पुढे १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपात जेवणारेच गावी परतू लागले, तेव्हा असंख्य खानावळींची चूल थंडावली.

पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या मेस याच तत्त्वावर चालतात. खाडा, म्हणजे न जेवण्याचा दिवस, आधी कळवण्याचा नियम मुलांना जाचक वाटला तरी पोळ्यांचा हिशेब त्यावरच बसतो. शासनाच्या शिवभोजन थाळीतही २०२० मध्ये दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण एवढेच ठरवून दिले होते आणि तीही ठरावीक वेळेतच मिळे. त्याआधी १९९५ नंतर निघालेल्या एक रुपयाच्या झुणका-भाकर केंद्रांपैकी अनेकांवर पुढे भलतेच खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले; त्यामागे अनुदानाचे आणि जागेच्या मोहाचे राजकारण होतेच, पण एक रुपयात हाताने थापलेली भाकरी दिवसभर पुरवत राहणे मुळातच अवघड होते.

शहरांतून गल्लोगल्ली निघालेली पोळी-भाजी केंद्रे मात्र टिकून आहेत, कारण त्यांनी जेवणाचे तुकडे पाडले. वरण-भात कुकरमध्ये लावून देऊन त्याकडे पाठ फिरवता येते, म्हणून तो घरातच शिजतो. कणीक मळणे, लाटणे आणि भाजणे यांत एका माणसाचा तासभर जातो, म्हणून पोळ्या नगावर विकत येतात. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास या केंद्रांपुढे जी रांग लागते, ती कामावरून परतणाऱ्यांची असते आणि पोळ्या किती हव्यात हे बहुतेकांनी सकाळीच फोनवरून कळवलेले असते.